बासष्ट पाकिटं

रत्नागिरी,
९ डिसेंबर

प्रिय ज्ञानू,

पत्र बघून दचकू नकोस. बाबा ठणठणीत आहेत, मीही आहे. घरात काही झालेलं नाही. फोन न करता लिहिते आहे, कारण फोनवर मी बोलत सुटते, तू "बरं" म्हणतेस आणि मग दोघींनाही वाटतं की काहीतरी बोलणं झालं. कागदावर मला अजून भाषण करता येत नाही, म्हणून कागद घेतला. तीन दिवस झाले लिहायला बसते आहे. एका बैठकीत वाचलं नाहीस तरी चालेल, पण शेवटपर्यंत वाच.

मागच्या रविवारी तू म्हणालीस, "आई, मुलांच्या डोळ्यांची तपासणी सोडली ते बरंच केलं. माझ्या शिकवण्यात काहीतरी कच्चं राहिलं होतं. वर्ष झालं शोधतेय, सापडत नाही." इतक्या शांतपणे म्हणालीस, जसं उंची कमी पडली म्हणून पोलिसात घेतलं नाही, असं कुणी सांगावं. मग तू चष्म्याच्या दुकानातलं सांगायला लागलीस, नव्या फ्रेमा आल्यात, गिऱ्हाइकं आरशासमोर तासतास उभी राहतात. मी फोन धरून उभी होते. ते कच्चं काय होतं हे मला माहीत होतं. मी तुला सांगितलं की यंदा बांगडा उशिरा आलाय. तू "बरं" म्हणालीस. फोन ठेवल्यावर बाबा म्हणाले, "सभा लवकर आटपली आज." मग चष्मा काढून माझ्याकडे बघत बसले. त्यांना काही विचारायचं असेल तर ते आधी चष्मा काढतात, हे तुला ठाऊक आहे. त्यांनी विचारलं नाही.

येत्या जानेवारीत चार वर्षं होतील. सुट्टी काढून तू पुण्याहून आलीस तेव्हा तुझ्या पिशवीत कपडे कमी आणि कागद जास्त होते. मी कुळीथ निवडत होते आणि तू ओट्याला टेकून मला समजावत होतीस. लहान मुलाचा एक डोळा कमजोर असला तरी ते कधीच सांगत नाही, कारण त्याला वाटतं जग असंच दिसतं. दुसऱ्या डोळ्यावर त्याचं भागतं आणि कमजोर डोळा हळूहळू बघणंच सोडून देतो. अंगणवाडीच्या वयात सापडला तर चष्मा देऊन आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी लावून त्याला कामाला लावता येतं, पुढे ते अवघड होत जातं. मी एवढी पुस्तकं वाचली, एकतीस वर्षं अंगणवाडीच्या बायकांची संघटना चालवली, आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी तालुक्याच्या बालविकास कार्यालयात जाऊन बसले. तिथले साहेब म्हणाले, सेविकांना हे जमायचं नाही. ते ऐकल्यावर मी पेटले. मला पेटायला फार लागत नाही. आठ दिवसांत परवानगी आणली आणि बासष्ट अंगणवाड्या ठरल्या.

तुझा तक्ता मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. घर, चेंडू, चौकोन आणि सफरचंद, अशी चारच चित्रं, ओळीओळीने क्रम बदलत, वरून खाली बारीक होत जाणारी. मुलाच्या हातात तीच चार चित्रं असलेलं कार्ड द्यायचं, एक डोळा झाकायचा आणि तक्त्यावरचं चित्र दाखवून विचारायचं. बोलणाऱ्याने नाव सांगावं, लाजणाऱ्याने कार्डावर बोट ठेवावं. आपल्याकडच्या पोरांनी त्या सफरचंदाचा पहिल्याच दिवशी काजूचा बोंडू करून टाकला. तू हसून म्हणालीस, "चालेल, बोंडू तर बोंडू." मूल किती लांब उभं करायचं यावरून वाद नको म्हणून बाबांनी काथ्याच्या दोरीचे तीन-तीन मीटरचे बासष्ट तुकडे कापून दिले. प्रशिक्षणाला बायकांनी तुझी काय थट्टा केली! "डॉक्टरीणबाय, आदी आमचे डोळे बघा, सुईत दोरा जाय नाय." पहिल्या रांगेत गंगा बसली होती, पलीकडच्या वाडीतली, वहीत सगळं उतरवून घेणारी. डोळा कसा झाकायचा हे तिने तुला तीनदा विचारलं. शेवटी तू तिच्याच डोळ्यावर पट्टी लावून दाखवलीस आणि ती हसता हसता खुर्चीवरून पडायची राहिली.

मग तू पाकिटं केलीस. प्रत्येकात दोन तक्ते, एक उजव्या डोळ्यासाठी, एक डाव्यासाठी, दोन्हींचा क्रम वेगळा. प्रत्येक पाकीट चिकटवून त्यावर तुझी आडवी सही. तपासणीच्या सकाळी फोडायचं, त्याआधी नाही, हे तू बायकांना सांगितलंस, मलाही सांगितलंस. मी म्हटलं, सील कशाला? ज्या बायकांवर गावातलं पोर न पोर सोपवता, ज्या त्यांना खाऊ घालतात, वजनं करतात, लसीला नेतात, त्यांच्यावर एक कागद सोपवायला सील लागतं? एकतीस वर्षं मी याच अविश्वासाशी भांडत आले आणि आता तो माझ्याच घरातून, माझ्याच मुलीच्या सहीने बाहेर पडणार? तू ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, "आई, माझा बायकांवर अविश्वास नाही. मला पाठांतराची भीती आहे. पोरांचा कान डोळ्यापेक्षा चलाख असतो." मी म्हटलं, वाक्य चांगलं आहे. तुझी सुट्टी संपली. आदल्या दिवशी वाटायची म्हणून बासष्ट पाकिटं माझ्या कपाटात ठेवून तू पुण्याला गेलीस.

आता मी जे लिहिते आहे ते तुला माहीत नाही.

तपासणीला तीन आठवडे होते तेव्हा मी हातखंब्याला सगळ्या सेविकांची सभा घेतली. हायवेलगतचं ते मंगल कार्यालय, बाहेर ट्रकांचे हॉर्न, आत बासष्ट सेविका आणि त्यांच्या मदतनीस. मी पाकिटं बरोबर नेली होती. का नेली होती? गाडीत बसताना मी स्वतःला सांगितलं की फक्त दाखवायला. बोलता बोलता मी कार्यालयातल्या साहेबांचं वाक्य सांगितलं, सेविकांना जमायचं नाही म्हणतात. सभागृहात जी कुजबुज उठली ती तुला सांगून कळणार नाही. ती उठली की माझ्या अंगात काहीतरी सरळ उभं राहतं. मी एक पाकीट वर धरलं आणि म्हणाले, "माझ्या स्वतःच्या मुलीने सांगितलंय, हे सील फोडू नका. मी तुमच्यासमोर फोडते!" आणि फोडलं. तक्ता उलगडून दोन्ही हातांनी डोक्यावर धरला. टाळ्या थांबेनात. मग एकेकीला नाव घेऊन बोलावलं आणि पाकीट फोडून तक्ते हातात दिले. शेवटी म्हणाले, "ही आपली परीक्षा आहे. तालुक्यातलं एकही पोर नापास होता कामा नये." ज्ञानू, मला वाक्याचा शेवट कुठे करायचा ते कळतं. टाळी कुठे पडणार हे आधीच हाताला कळतं. त्या वाक्याचा अर्थ काय होतो ते मात्र मी त्या दिवशी एकदाही मनात म्हणून पाहिलं नाही. डोळे तपासताना मूल नापास व्हायलाच हवं असतं, जर त्याला दिसत नसेल तर. म्हणून तर तपासायचं.

तपासणीच्या संध्याकाळी तू फोन केलास. पहिलाच प्रश्न, "पाकिटं सकाळी फोडली ना?" मी म्हटलं, सगळं तुझ्या सांगण्याप्रमाणे. ते खोटं बोलायला मला काहीच कष्ट पडले नाहीत. माझ्या मते ते खोटं नव्हतंच, एका क्षुल्लक गोष्टीवरून तुझी रात्र कशाला खराब करायची, एवढंच होतं. हजारावर मुलं तपासून झाली. सव्वीस मुलं सापडली, त्यातल्या बहुतेकांना चष्मे लागले, चौघांना पट्टी. आपण केवढ्या खुशीत होतो. बाकीच्या मुलांच्या आयांना मी मेळावा घेऊन व्यासपीठावरून चिठ्ठ्या वाटल्या, "दोन्ही डोळे उत्तम", खाली संघटनेचा शिक्का आणि माझी सही. पेपरात फोटो आला. तू त्या फोटोत नव्हतीस, ते तुला आवडलंही असेल.

पुढचं तुला माहीत आहे, पण माझ्या बाजूने माहीत नाही. दोन-अडीच वर्षांनी गंगाची नात, मनस्वी, दुसरीत असताना शाळेत डोळ्यांचं शिबिर आलं. डाव्या डोळ्याने तिला वरचं सर्वात मोठं अक्षर तेवढं दिसलं. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळा आळसावलाय, अंगणवाडीत असतानाच लक्षात यायला हवं होतं. मग कागद निघाले. आपल्या तपासणीत तिच्या नावापुढे दोन्ही डोळे उत्तम. कार्यालयातून विचारणा आली, दिलेल्या सूचना पाळल्या होत्या का? तो कागद माझ्यापुढे आला. "सर्व सूचनांचे तंतोतंत पालन झाले" असं छापलेलं होतं आणि खाली सहीची रेघ. मी सही केली. त्या क्षणी डोक्यात एवढंच होतं की नाही म्हटलं तर सेविकांवर ठपका येईल. निदान मी स्वतःला तेच सांगितलं. मग अहवाल लिहिणाऱ्याने सरळ हिशेब केला. सूचना पाळल्या, तरी मूल सुटलं, म्हणजे सूचनांतच खोट. "प्रशिक्षण व पद्धत सदोष. उपक्रम बंद." खाली प्रशिक्षक म्हणून तुझं नाव. माझ्या एका सहीने ते तुझ्याकडे गेलं. बासष्ट जणींना खरं माहीत होतं. पाकिटं कधी आणि कुणी फोडली हे एकीनेही कुठे सांगितलं नाही. त्यांनी मला वाचवलं, आणि तुला कुणी वाचवायचं हे कुणाला सुचलं नाही, कारण तू तिथे नव्हतीस.

तू गंगाच्या सुनेला पत्र लिहिलंस, चूक माझ्या शिकवण्यात झाली, मला माफ करा. ते मला फार उशिरा कळलं. सुनेने ते देव्हाऱ्याच्या खणात ठेवलंय. मग तू मुलांच्या शाळा, शिबिरं, सगळं सोडून त्या दुकानात लागलीस. तेव्हाही मी तुला फोनवर म्हटलं होतं, थोडी विश्रांती घे, बरं वाटेल.

गौरी-गणपती झाल्यावर मी गंगाकडे गेले. राजीनामा देते म्हणून तिने संघटनेकडे कागद पाठवला होता. तिची समजूत घालायला गेले होते, समजुती घालणं हेच तर माझं काम. मुलगा मुंबईला, सून शेतावर गेलेली, घरी गंगा आणि मनस्वी. पोरगी पडवीत चवळीच्या शेंगा सोलत बसली होती. उजव्या, म्हणजे चांगल्या डोळ्यावर पट्टी, म्हणून शेंग बोटांनी चाचपत होती. वर्षभरात डाव्या डोळ्याला तक्त्यावरच्या दोन ओळी जास्त दिसायला लागल्या आणि पावसाळ्यापासून ते तिथेच थांबलंय. चालू ठेवू, पण फार आशा धरू नका, असं डॉक्टर म्हणालेत. गंगा चहा ठेवायला आत गेली. काहीतरी बोलायचं म्हणून मी मनस्वीला विचारलं, अंगणवाडीतलं काही आठवतं का गो? ती शेंगा बाजूला ठेवून उठली. हात मागे बांधले, पट्टीखालचा डोळा झाकलेला होताच, दुसराही मिटून घेतला आणि चालीवर म्हणायला लागली. घर चेंडू बोंडू घर, चौकोन चेंडू घर बोंडू. एकेका ओळीला आवाज बारीक करत, जशी चित्रं बारीक होत जातात तसा. शेवटच्या ओळीला नुसती पुटपुटली. मग डोळे न उघडताच म्हणाली, "आता डाव्या डोळ्याचं," आणि दुसरा तक्ता सुरू केला. मला तक्त्याचा क्रम पाठ नाही, म्हणून ती म्हणत गेली तसं मी जवळच्या कागदावर उतरवून घेतलं आणि घरी येऊन तुझी मूळ प्रत काढून पाहिली. तिने एकही चित्र चुकवलं नव्हतं. "आजीनं शिकवलंन," ती म्हणाली. "मी पयली येयची."

गंगा कपबशी घेऊन दारात थांबली होती. तिने ती खाली ठेवली आणि उंबऱ्यावर बसली. तिने जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. "ताय, तुमी सभेत सांगितलंत, एक पन पोर नापास होता कामा नये. मी तक्ते भिंतीवर लावले आनि चाल बसवली. दुसऱ्यांची पोरं अंगनवाडीत म्हनायची, हिला मी घरी पन म्हनायला लावायची. सेविकेची नात नापास झाली तर गाव काय म्हनेल?" मी विचारलं, चौकशी झाली तेव्हा तू हे का नाही सांगितलंस? ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जसं मी काहीतरी वेडगळ विचारलंय. "तुमचं नाव कसं घेनार? तुमच्यामुळं आमाला चार लोकांत मान हाय." मग म्हणाली, "चहा निवतोय."

मी चहा प्यायले. घावन दिलं तेही खाल्लं. मला रडू आलं नाही, हे तुला सांगायला हवं. तुला वाटेल आई कोसळली असेल. काहीच झालं नाही. एसटीत खिडकीशी बसले, समोरची बाई चुकीच्या गाडीत चढली होती तिला उतरवून दिलं, घरी येऊन कपाट उघडलं आणि तक्ते ताडून पाहिले. दोन दिवसांनी मोर्चा होता. चाळीस मिनिटं बोलले. शेजारच्या घरात टीव्ही चालू असावा तसा माझा आवाज मला लांबून ऐकू येत होता. टाळ्या जिथे पडायच्या तिथे पडल्या. एकजण खाली उतरताना म्हणाली, ताई, आज काय बोललात, अंगावर काटा आला. माझ्या अंगावर गेले तीन महिने काहीच येत नाही. जेवण जातं, झोप लागते, पेपर वाचते, चुका काढते. बाबा म्हणतात, "मथुरा, दवाखान्यात जाऊया का?" मी म्हणते, कशासाठी? त्यांना सांगता येत नाही.

एक मात्र केलं. सप्टेंबरच्या शेवटापासून परवापर्यंत बासष्टच्या बासष्ट अंगणवाड्या पायाखाली घातल्या. प्रत्येकीला एकच विचारलं, सभा झाल्यावर तपासणीपर्यंत तक्ते कुठे होते? बहुतेकींनी ते कपाटात टाकले होते, पेटीत, तांदळाच्या पिंपावर. वरून आलेला कागद जपून ठेवायचा, एवढंच त्यांना ठाऊक. खाडीकडच्या वाडीत रझियाने तर तक्ते भिंतीला लावले होते, पण भिंतीला ओल, दुसऱ्या दिवशी निघून पडले, म्हणून तिने गुंडाळून ट्रंकेत टाकले. मला म्हणाली, "ताई, तुमचं भाषण मी ऐकलं, भिंतीनं नाय ऐकलंन." आणि खदखदून हसली. तिच्याकडे अनस नावाचा मुलगा सापडला होता, आठवतो? तपासणीनंतर आलीस तेव्हा पट्टी लावून तू ज्याला म्हणाली होतीस की आता तू समुद्री चाचा. तो आता दोन्ही डोळ्यांनी सारखंच वाचतो. माझ्यासमोर त्याने धडा वाचून दाखवला. त्या भिंतीला ओल होती म्हणून.

नऊ ठिकाणी तक्ते तीन आठवडे भिंतीवर होते आणि रोज म्हणून घेतले गेले. त्या नऊ जणी आपल्या सगळ्यांत मेहनती आहेत. माझं बोलणं त्यांनी मनावर घेतलं. सापडलेली सव्वीसच्या सव्वीस मुलं बाकीच्या त्रेपन्न ठिकाणची आहेत. या नऊ ठिकाणी मिळून एकही नाही. हे तू नीट वाच, ज्ञानू. जिथे तक्ता मुलांना आधी दिसला नाही, तिथे तू शिकवलेल्या बायकांनी कमजोर डोळे शोधून काढले, शिवणकाम करणाऱ्या, चूल पेटवणाऱ्या साध्या बायकांनी. तुझ्या शिकवण्यात काही कच्चं नव्हतं. तू वर्षभर जे शोधते आहेस ते तिथे नाहीच. परवा मी कार्यालयात लेखी जबाब दिला. सील मी फोडलं, कुणालाही न विचारता. सूचना पाळल्याची सही खोटी होती. सेविकांचा यात दोष नाही. संघटनेच्या पदावरूनही उतरले. साहेबांनी कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "हे आता कशाला, ताई?" अहवाल बदलतील की नाही ते त्यांनी सांगितलं नाही. जबाबाची प्रत मी गंगाच्या सुनेला नेऊन दिली. तिने वाचली आणि दार लावून घेतलं. ते तिने बरोबर केलं.

इथवर वाचून तुला वाटेल की आईला कबुली द्यायची होती. तेवढंच असतं तर मी आणखीही गप्प बसले असते, माझी खात्री आहे. लिहिते आहे ते वेगळ्या कारणाने. त्या नऊ ठिकाणी तेव्हा एकशे एकाहत्तर मुलं होती. काही मुंबईला गेली, एकशे अडतीस इथेच आहेत, पहिलीपासून चौथीपर्यंत. मी त्यांच्या घरोघर गेले, म्हटलं, ती तपासणी खरी नव्हती, मुलाला पुन्हा दाखवून आणा. आया हसतात. माझीच चिठ्ठी काढून माझ्यापुढे धरतात. एकीने ती लॅमिनेट करून आधार कार्डाबरोबर ठेवलीय. शाळेत शिबिर आलं तेव्हा काहींनी तीच चिठ्ठी दाखवून पोरांना रांगेतून बाहेर काढलं. "ताई, तुम्हीच तर दिलीत, स्टेजवरून." मी सांगते की मी चुकले, तर त्यांना वाटतं माझं वय झालं. माझ्या तेव्हाच्या शब्दापुढे माझा आताचा शब्द उभा राहत नाही. नऊही शाळांच्या मुख्याध्यापकांकडून जानेवारीचा दुसरा आठवडा मागून घेतलाय, वर्गातच तपासायचं, पण तपासायला जाणतं माणूस हवं. तू ये. मला माफ करून ये असं मी म्हणत नाही, ते राहू दे, घरीही उतरू नकोस वाटल्यास, रझिया तुझी सोय करते म्हणाली. सोबत यादी आहे, मुलाचं नाव, वय, शाळा, आईचा फोन. क्रमाने जाऊ नकोस. तेराव्या नंबरला हर्षद आहे. तेव्हा तीन वर्षांचा होता, आता पहिलीत आहे, म्हणजे अजून थोडा वेळ आहे. मोबाईल बघताना तो मान उजव्या खांद्यावर टाकतो. त्याची आई काजूच्या कारखान्यात जाते. ती म्हणाली, लाडात आला की तसं करतो. मी पाऊण तास त्याच्यासमोर बसून होते. तो लाडात नव्हता. आधी त्याच्याकडे जा.

या खेपेला मध्ये न बोलणारी, तुझीच
आई